ग्रंथींचा नकाशा काढणारा जे. जे.चा डॉक्टर

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या ग्रंथावर पोसल्या गेल्या, त्या ‘ग्रेज अॅनाटॉमी’च्या आकृत्या रेखाटणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांची कर्मभूमी मुंबई होती. ज्या थायरॉइड ग्रंथीचे कार्य त्यांच्या काळी अज्ञात होते, तिच्यातील जन्मजात दोष आज ओळखता येतात. त्यामागे अचूक शरीररचनाशास्त्राची जी परंपरा आहे, तिच्यात कार्टर यांचा वाटा मोठा आहे.

मानेच्या पुढील भागात, श्वासनलिकेला बिलगून असलेली थायरॉइड अर्थात अवटु ग्रंथी फुलपाखराच्या आकाराची असते. उजवा आणि डावा असे तिचे दोन खंड आणि त्यांना जोडणारा मधला अरुंद सेतू, अशी तिची सर्वसाधारण रचना. मात्र काही मोजक्या व्यक्तींमध्ये जन्मतःच ही रचना अपुरी राहते. कोणाचा एक खंड तयारच होत नाही, कोणाच्या ग्रंथीला मधला सेतू नसतो, तर कोणाची ग्रंथी गळ्यात न उतरता जिभेच्या मुळाशीच अडकून पडते. अशा व्यक्तींपैकी अनेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. काहींच्या बाबतीत मात्र हेच अज्ञान घातक ठरते.

शरीरात काय कमी आहे हे ओळखायचे, तर पूर्ण शरीर कसे असते याचे नेमके ज्ञान आधी हवे. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला हे ज्ञान सुबोध रूपात देणारा ग्रंथ १८५८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्याशी हेन्री ग्रे यांचे नाव कायमचे जोडले गेले. त्यातील ३६३ आकृत्या ज्यांच्या हातून उतरल्या, ते कार्टर मात्र ग्रंथ बाहेर पडला तेव्हा लंडनमध्ये नव्हते. माझगावला लागून असलेल्या भायखळ्यातील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात ते शरीररचनाशास्त्र शिकवीत होते.

चित्रकाराच्या घरातला डॉक्टर

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या गावी झाला. वडील हेन्री बार्लो कार्टर हे समुद्रदृश्ये रंगविणारे चित्रकार होते. धाकटे बंधू जोसेफ यांनीही चित्रकलाच जवळ केली. थोरल्या मुलाच्या नावात सतराव्या शतकातील विख्यात चित्रकार व्हॅन डाइक यांचे नाव गुंफलेले असले तरी त्याने वाट धरली ती वैद्यकाची. सोळाव्या वर्षी, १८४७ मध्ये, त्यांनी लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शिक्षणास प्रारंभ केला. घरातून आलेला रेखाटनाचा हात मात्र सुटला नाही.

याच रुग्णालयात त्यांची हेन्री ग्रे यांच्याशी गाठ पडली. ग्रे वयाने थोडे मोठे, महत्त्वाकांक्षी आणि झपाट्याने नावारूपाला येणारे होते. त्यांच्या संशोधनाचा विषय होता वाहिनीविहीन ग्रंथी. लाळेच्या ग्रंथींचा स्राव नलिकेवाटे बाहेर पडतो. थायरॉइड, प्लीहा, मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी यांना अशी नलिकाच सापडत नाही. मग त्या करतात तरी काय, हा त्या काळच्या शरीरशास्त्रज्ञांना छळणारा प्रश्न होता. कोंबडीच्या गर्भात या ग्रंथी कशा घडत जातात, याविषयीचा ग्रे यांचा निबंध १८५२ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्लीहेवरील प्रबंधाला १८५३ मध्ये अॅस्टली कूपर पारितोषिक मिळाले. १८५४ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या या प्रबंधासाठी कार्टर यांनी चित्रे काढून दिली होती. त्याचे श्रेय मात्र त्यांना मिळाले नाही. पुढे जे घडणार होते त्याची ही चुणूक होती.

दरम्यान, १८५३ पासून कार्टर यांना रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये मानवी आणि तौलनिक शरीररचनेच्या अभ्यासासाठी विद्यावृत्ती मिळाली. तेथे रिचर्ड ओवेन आणि सूक्ष्मदर्शकाचे जाणकार जॉन क्वेकेट यांच्या सान्निध्यात त्यांना काम करता आले. ओवेन यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावलेल्या एका भारतीय गेंड्याचे विच्छेदन केले होते. त्या गेंड्याच्या थायरॉइडला चिकटलेली एक लहानशी पिवळसर ग्रंथी त्यांच्या नजरेने टिपली होती. तीच परावटु ग्रंथी. मानवी शरीरातील या ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केले. शरीरातील कॅल्शियमचे संतुलन सांभाळणाऱ्या या तांदळाच्या दाण्याएवढ्या ग्रंथी कार्टर यांच्या पिढीच्या नकाशात अजून आलेल्याच नव्हत्या.

अठरा महिन्यांचे श्रम

विद्यार्थ्यांना परवडेल आणि शल्यचिकित्सकांना उपयोगी पडेल असा शरीररचनेचा नवा ग्रंथ सिद्ध करण्याची कल्पना ग्रे यांनी मांडली. कार्टर यांनी रेखाटनाची जबाबदारी स्वीकारली. सुमारे अठरा महिने दोघांनी मिळून शवविच्छेदने केली. ग्रे मजकूर लिहीत आणि कार्टर आकृत्या काढीत.

त्या काळी पुस्तकातील चित्रे लाकडी ठोकळ्यांवर कोरून छापली जात. छापताना आकृती उलटी उमटते. त्यामुळे ठोकळ्यावर ती आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी काढावी लागे. शरीराच्या डाव्या-उजव्याचे भान क्षणभर सुटले तरी रुग्णाच्या जिवाशी खेळ होणार. कार्टर यांनी हे काम चोख बजावले. त्याहून महत्त्वाची होती त्यांची मांडणी. आधीच्या अनेक पुस्तकांत अवयवाशेजारी केवळ अंक किंवा अक्षर असे आणि त्याचा अर्थ तळटिपेत शोधावा लागे. कार्टर यांनी नसा, स्नायू, रक्तवाहिन्या यांची नावे थेट त्या त्या अवयवावर लिहिली. नकाशात नदीच्या रेषेवरच नदीचे नाव असावे तशी. सजावट नाही, नाट्यमय भाव नाहीत. जे आहे ते स्पष्ट, मोठे आणि वाचण्याजोगे. ग्रंथाच्या यशात या आकृत्यांचा वाटा किती मोठा होता, हे पुढे इतिहासकारांनी आवर्जून दाखवून दिले.

या ग्रंथात थायरॉइडचे वर्णन स्वर आणि श्वसनाच्या अवयवांच्या प्रकरणात येते. तिचे दोन खंड, मधला सेतू, काही व्यक्तींत आढळणारा शंकूच्या आकाराचा तिसरा खंड आणि क्वचित सेतूच नसणे, या सर्वांची नोंद तेथे आहे. सेतूची जागा माणसागणिक बदलते आणि श्वासनलिकेला छेद देताना शल्यचिकित्सकाने याचे भान ठेवावे, असा व्यावहारिक इशाराही आहे. गळ्यातील स्नायू, स्वरयंत्र आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा जो गुंतागुंतीचा प्रदेश या ग्रंथीभोवती आहे, तो कार्टर यांच्या आकृत्यांनी उलगडून दाखविला. ग्रंथीचे कार्य काय, या प्रश्नापाशी मात्र ग्रंथ थांबतो. ते अज्ञात असल्याचे त्यात प्रांजळपणे नमूद केले आहे.

मोबदल्याचा हिशेब विषम होता. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हजार प्रतींमागे ग्रे यांना दीडशे पौंड मिळायचे होते. कार्टर यांना एकदाच दीडशे पौंड देण्यात आले. शीर्षकपृष्ठाच्या छपाईपूर्व प्रतीत ग्रे यांनी स्वतःच्या हाताने बदल सुचविले. कार्टर यांचे नाव लहान टाइपात गेले. मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राध्यापक ही त्यांची नवी ओळख खोडली गेली आणि केवळ सेंट जॉर्जेसचे माजी प्रात्यक्षिक शिक्षक एवढीच ओळख उरली. जगातील सर्वाधिक परिचित वैद्यकीय ग्रंथांपैकी एकाच्या पहिल्या पानावर मुंबईचे नाव येता येता राहिले ते असे. ग्रे यांनाही यशाचा उपभोग फार काळ घेता आला नाही. देवीच्या साथीत आजारी पुतण्याची शुश्रूषा करताना त्यांना लागण झाली आणि १८६१ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

भायखळ्यातील अध्यापन

स्वभावाने अंतर्मुख, धर्मनिष्ठ आणि सतत आत्मपरीक्षण करणाऱ्या कार्टर यांना लंडनमध्ये स्वतःच्या भवितव्याविषयी खात्री वाटत नव्हती. त्यांच्या रोजनिशीतून हे अस्वस्थ मन दिसते. १८५८ च्या आरंभी त्यांनी मुंबईच्या वैद्यकीय सेवेत प्रवेश केला आणि त्याच वर्षी ते येथे दाखल झाले. १८५७ च्या उठावाची धग अद्याप निवलेली नव्हती. माझगाव तेव्हा वाड्या, बंगले आणि गोद्यांचा परिसर होता. त्याच्या पश्चिमेला भायखळ्यात १८४५ मध्ये सुरू झालेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि सर जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय यांनी पश्चिम भारतात आधुनिक वैद्यकाचा पाया घातला होता. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड यांचा समावेश होता.

या महाविद्यालयात कार्टर शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांचे प्राध्यापक झाले. जे. जे. रुग्णालयातही त्यांच्याकडे जबाबदारी होती. विवाह १८५९ मध्ये मुंबईतच झाला. पण तो सुखाचा ठरला नाही. या मनस्तापातून त्यांनी स्वतःला कामात अधिकच गाडून घेतले. ग्रे यांच्यासोबत त्यांनी निरोगी शरीराचा नकाशा काढला होता. मुंबईत त्यांच्यासमोर आले ते रोगाने विद्रूप झालेले शरीर. सूक्ष्मदर्शक आणि पेन्सिल ही हत्यारे तीच राहिली.

अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायाला सूज येऊन त्यातून दाणेदार स्राव वाहणारा एक विकार तेव्हा मदुरेच्या नावाने ओळखला जाई. तो बुरशीमुळे होतो, असे प्रतिपादन करून कार्टर यांनी १८६० मध्ये त्याला मायसेटोमा हे नाव दिले. ते आजही वैद्यकात रूढ आहे. १८७४ मध्ये त्यांचा या विषयावरील सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला.

सातारा ते नॉर्वे

१८६३ पासून १८७२ पर्यंत कार्टर साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील रोग त्यांना येथे जवळून पाहता आले. कुष्ठरोगाचा अभ्यास हा त्यांचा ध्यास बनला. रजेच्या काळात ते नॉर्वेला गेले. तेथे गेऱ्हार्ड आरमाउर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचे जंतू शोधले होते. या कामाचे महत्त्व ओळखून ते ब्रिटिश अमलाखालील भारताच्या वैद्यकीय वर्तुळापर्यंत पोहोचविण्यात कार्टर अग्रभागी होते. परतल्यावर त्यांनी काठियावाडात कुष्ठरोगाची पाहणी केली.

पुढे मुंबईत गोकुळदास तेजपाल रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत येऊ लागले आणि त्यांच्यासोबत उलटून येणारा ताप आला. या रुग्णांच्या रक्तात कार्टर यांना मळसूत्राच्या आकाराचे जंतू दिसले. बर्लिनमध्ये ओटो ओबरमायर यांनी पाहिलेल्या जंतूंशी त्यांचे साम्य होते. या कामात कार्टर यांना स्वतःलाही त्या तापाची लागण झाली. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने दुष्काळ आणि ताप यांचा संबंध पुराव्यानिशी मांडला. १८८० च्या दशकाच्या अखेरीस हिवतापाच्या परजीवींचे लाव्हेरान यांनी केलेले निरीक्षण भारतात पडताळून पाहणाऱ्या पहिल्या काही वैद्यकांतही ते होते.

कोडे सुटत असताना

कार्टर मुंबईत जंतूंचा माग काढीत असताना तिकडे युरोपात त्यांच्या तरुणपणीचे कोडे सुटत होते. थॉमस ब्लिझर्ड कर्लिंग यांनी १८५० मध्येच थायरॉइड ग्रंथीच नसलेल्या आणि शारीरिक व बौद्धिक वाढ खुंटलेल्या दोन मुलींची नोंद केली होती. १८६६ मध्ये हँडफील्ड जोन्स यांनी एक खंड नसलेल्या थायरॉइडचे वर्णन केले. १८७३ मध्ये विल्यम गल यांनी प्रौढ स्त्रियांत दिसणाऱ्या तशाच खुंटलेपणाकडे लक्ष वेधले. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक थिओडोर कोखर यांनी १८८३ मध्ये आपल्याच जुन्या रुग्णांची तपासणी जाहीर केली. गलगंडासाठी ज्यांची संपूर्ण थायरॉइड काढली होती, त्यांच्यापैकी बहुतेक जण मंद, सुजलेले आणि निस्तेज झाले होते. ज्या ग्रंथीचे कार्य अज्ञात होते, ती शरीर आणि मन दोन्ही चालवीत असल्याचे यातून समोर आले. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीच्या समितीने १८८८ मध्ये या निष्कर्षावर शिक्कामोर्तब केले. कार्टर भारतातील सेवेतून निवृत्त झाले तेही त्याच वर्षी. तीन वर्षांनी जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून रुग्ण बरा करून दाखविला.

आजच्या ज्ञानानुसार ही ग्रंथी गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास जिभेच्या मुळाशी आकार घेते आणि सातव्या आठवड्यापर्यंत गळ्यात खाली उतरते. या प्रवासात बिघाड झाला की जन्मजात दोष उद्भवतो. एकच खंड असण्याच्या दुर्मीळ विकृतीत बहुधा डावा खंड नसतो. उरलेला खंड अनेकदा एकट्याने सर्व काम पेलतो आणि दोष दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत उघड होतो. मात्र अशा व्यक्तींत उरलेल्या खंडाला गाठी, दाह, अतिक्रियाशीलता असे विकार जडू शकतात. काही रुग्णांत परावटु ग्रंथीचे विकारही आढळले आहेत. शस्त्रक्रियेपूर्वी हे ठाऊक नसेल तर असलेला एकमेव खंड काढला जाण्याचा धोका असतो. जिभेच्या मुळाशी असलेली गाठ हीच रुग्णाची एकमेव थायरॉइड असू शकते, हेही शल्यचिकित्सकाला पडताळावे लागते.

ग्रंथी मुळीच नसेल किंवा पुरेसे काम करीत नसेल, तर प्रश्न बालकाच्या संपूर्ण आयुष्याचा असतो. जन्मजात थायरॉइड न्यूनतेचे प्रमाण जगात साधारणतः तीन ते चार हजार बालकांमागे एक असल्याचे मानले जाते. भारतात ते याहून अधिक आढळले आहे. जन्मल्यावर बाळ बहुधा निरोगीच दिसते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांच्या तपासणीने पहिल्या काही दिवसांत निदान झाले आणि पहिल्या दोन आठवड्यांत रोजची गोळी सुरू झाली, तर मूल इतरांसारखेच वाढते. विलंब झाला तर मेंदूची हानी भरून येत नाही. ग्रंथी आहे की नाही आणि असल्यास कोठे, हे किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने घेतलेल्या प्रतिमेत दिसते. या तंत्राचा भारतातील पाया ज्या केंद्रांनी घातला, त्यांपैकी अणुऊर्जा विभागाचे रेडिएशन मेडिसिन सेंटर हे १९६३ पासून परळमध्ये कार्यरत असलेले केंद्र प्रमुख आहे. ज्या जे. जे.मध्ये कार्टर शिकवीत होते, तेथून ते काही मैलांवरच आहे.

उशिरा मिळालेला न्याय

निवृत्तीनंतर कार्टर इंग्लंडला परतले. १८९० मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला आणि स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी उर्वरित आयुष्य घालविले. तेथेच ४ मे १८९७ रोजी क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. तोवर ग्रे यांच्या ग्रंथाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या होत्या आणि चित्रकाराचे नाव जवळजवळ विस्मरणात गेले होते. विसाव्या शतकात नव्या तंत्राने काढलेल्या आकृत्यांनी त्यांच्या कोरीव चित्रांची जागा घेतली. ग्रंथाच्या निर्मितीचा इतिहास आणि कार्टर यांच्या रोजनिश्या यांचा अभ्यास होऊन एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पुस्तके प्रसिद्ध झाली, तेव्हा कोठे त्यांचा वाटा व्यापक वाचकवर्गासमोर आला.

ग्रंथींचे रहस्य कार्टर यांनी उलगडले नाही. तो मान गल, कोखर, मरे यांचा आहे. परंतु अंदाजाने न रेखाटता जे दिसेल तेच रेखाटावे, नाव अवयवावरच लिहावे आणि वेगळेपण दिसले तर त्याचीही नोंद व्हावी, ही शिस्त ज्या ग्रंथाने विद्यार्थ्यांच्या अंगी बाणविली तो त्यांच्या हातांनी सजीव झाला. अर्ध्याच असलेल्या थायरॉइडचे चित्र पाहून डॉक्टर जेव्हा उरलेल्या खंडाला जपण्याचा निर्णय घेतो, तेव्हा त्याच्या मनात पूर्ण ग्रंथीचे जे चित्र असते, ते घडविणाऱ्यांत भायखळ्याच्या या प्राध्यापकाचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.